वीजवाहिनीची समावेशक्षमता

वीज एका ठिकाणी निर्माण होते आणि दुसऱ्या ठिकाणी वापरली जाते, ही गोष्ट शाळेतील विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे भारतातील पहिले जलविद्युत् केंद्र सुरू झाले. १९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रम् येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ विजेचा प्रवास एकाच दिशेने होत आला. मोठ्या केंद्राकडून उपकेंद्राकडे, उपकेंद्राकडून गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे, म्हणजेच रोहित्राकडे, आणि तेथून खांबाखांबावरून घराकडे, असा तो मार्ग होय. वृक्षाचे खोड जाड, फांद्या त्याहून बारीक आणि डहाळ्या अगदी कोवळ्या, अशीच या जाळ्याचीही रचना असते. ट्रान्सफॉर्मरजवळ जाड तार आणि वाहिनीच्या शेवटी बारीक तार वापरून अभियंत्यांनी खर्चाची काटकसर साधली. आणि प्रवाह उलट दिशेने कधी वाहणारच नाही, असे मानल्यास ही काटकसर योग्यच होती.

आता मात्र डहाळीच्या टोकालाही वीज निर्माण होऊ लागली आहे. घराच्या छपरावर सौरपट्ट्या बसविल्या की दुपारच्या उन्हात त्या घराला लागते त्याहून अधिक वीज तयार होते आणि उरलेली वीज त्याच तारेने गावाकडे परत जाते. भारत सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू केली आणि एक कोटी घरांच्या छपरांवर असे संच बसविण्याचे लक्ष्य ठेवले. छपरे मोजता येतात, त्यांवर पडणारे ऊनही मोजता येते. परंतु ज्या तारेला हे संच जोडावयाचे, ती तार किती वीज सामावून घेऊ शकेल, हे कसे ठरवावे? प्रस्तुत पुस्तिकेचा विषय हाच आहे.

समावेशक्षमता म्हणजे काय?

एखाद्या वितरणवाहिनीला नवे वीजनिर्मितीचे संच जोडत गेल्यास एक मर्यादा अशी येते की, तिच्यापुढे आणखी एक संच जोडला तर कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या विजेचा दर्जा बिघडतो किंवा एखादे साधन धोक्यात येते. त्या मर्यादेपर्यंत जेवढी निर्मितीशक्ती जोडता येते, तिला त्या वाहिनीची समावेशक्षमता म्हणतात. युरोपातील संशोधकांनी २००४ च्या सुमारास ही कल्पना निश्चित स्वरूपात मांडली आणि स्वीडनमध्ये अध्यापन करणारे मॅथ बोलेन यांनी फैनन हसन यांच्यासह २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले.

या व्याख्येतील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, ही क्षमता ठरविण्यापूर्वी 'दर्जा बिघडला' असे केव्हा म्हणावयाचे, ते आकड्यांत ठरवावे लागते. दुसरी ही की, मर्यादा एकच नसून अनेक असतात : विद्युद्दाबाची, उष्णतेची आणि संरक्षणाची. यांपैकी जी मर्यादा सर्वांत आधी गाठली जाईल, तीच त्या वाहिनीची समावेशक्षमता होय. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या नामपट्टीवरील आकडा वाचून हा प्रश्न सुटत नाही.

दाबाची मर्यादा

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट सहज समजते. पाणी मुखाकडून शेपटाकडे वाहते, कारण मुखाशी पातळी उंच आणि शेपटाशी खाली असते. कोणी शेपटाशीच विहिरीचे पाणी पाटात सोडू लागला आणि ते मुखाकडे वाहावे अशी अपेक्षा केली, तर शेपटाकडची पातळी मुखापेक्षा उंच व्हावी लागेल. शेपटाकडचे बांध तेवढे उंच नसतील तर पाणी बाहेर पडेल. विजेच्या तारेतही असेच घडते. घराकडून ट्रान्सफॉर्मरकडे प्रवाह जावयाचा असेल, तर घराजवळचा दाब ट्रान्सफॉर्मरजवळच्या दाबाहून अधिक झालाच पाहिजे. किती अधिक, हे ओहमच्या नियमाने निघते : प्रवाहाला तारेच्या रोधाने गुणावे.

भारतात घरगुती विजेचा मानीव दाब २३० व्होल्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी लघुदाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपेक्षा अधिक चढउतार होऊ नये असे ठरविले होते आणि पुढे अनेक राज्यांच्या नियमांतही हीच मर्यादा राहिली. २३० चे सहा टक्के म्हणजे १३.८. अर्थात् घरातील दाब २१६.२ ते २४३.८ व्होल्टच्या दरम्यान राहिला पाहिजे. दाब याहून खाली गेल्यास दिवे मंद होतात आणि मोटारी तापतात. वर गेल्यास दिव्यांचे आणि उपकरणांचे आयुष्य घटते.

आता एक उदाहरण घ्यावे. एका वस्तीची वाहिनी ट्रान्सफॉर्मरपासून ५०० मीटर लांब आहे. तिच्या तारेचा रोध दर किलोमीटरला ०.९ ओहम आहे, म्हणजे ५०० मीटरला ०.४५ ओहम. वाहिनीच्या शेवटच्या घरी एका फेजवर ५ किलोवॅटचा सौरसंच बसविला आणि त्या वेळी घरात वीजवापर मुळीच नाही असे समजा. ५००० ला २३० ने भागले असता प्रवाह सुमारे २१.७ अँपिअर येतो. हा प्रवाह फेजच्या तारेतून जातो आणि न्यूट्रल तारेतून परत येतो. दोन्ही तारा सारख्याच जाडीच्या असतील तर एकूण रोध ०.९ ओहम झाला. दाबातील वाढ २१.७ गुणिले ०.९ म्हणजे सुमारे १९.६ व्होल्ट, अथवा साडेआठ टक्के. सहा टक्क्यांची मर्यादा एकट्या संचाने ओलांडली!

तोच संच ट्रान्सफॉर्मरपासून १०० मीटरवरील घरी बसविला तर रोध ०.१८ ओहम आणि वाढ केवळ ३.९ व्होल्ट, म्हणजे १.७ टक्के होते. संच तोच, तार तीच. परंतु जागा बदलल्याने परिणाम पाचपट बदलला.

आणखी एक हिशेब याहून उद्बोधक आहे. शेवटच्या खांबावर एकाऐवजी तीन संच, प्रत्येकी ५ किलोवॅटचे, परंतु तीन निरनिराळ्या फेजवर बसविले असे समजा. तिन्ही फेजचे प्रवाह समतोल असले म्हणजे न्यूट्रल तारेत त्यांची बेरीज शून्य होते. तेव्हा रोध फक्त फेजच्या तारेचा, ०.४५ ओहम, मोजावा लागतो आणि दाबातील वाढ सुमारे ९.८ व्होल्ट येते. म्हणजे निर्मिती तिप्पट होऊनही दाबातील वाढ निम्म्यावर आली. ज्या गावात सर्व नवे संच नकळत एकाच फेजवर जोडले गेले असतील, त्या गावाची समावेशक्षमता तारेमुळे नव्हे, तर जोडणीतील निष्काळजीपणामुळे वाया जाते.

दुपार आणि संध्याकाळ

वरील हिशेबात दाबातील वाढ काढली. परंतु ती कोणत्या पातळीवरून मोजावयाची हा प्रश्न उरतो. ट्रान्सफॉर्मरजवळचा दाब बरोबर २३० व्होल्ट क्वचितच असतो. संध्याकाळी सर्व घरांत दिवे, पंखे, दूरदर्शन संच आणि शेगड्या एकदम चालू होतात, तेव्हा शेवटच्या घरी दाब फार खाली जाऊ नये म्हणून ट्रान्सफॉर्मरचा टॅप मुद्दाम वरच्या पातळीवर ठेवलेला असतो. समजा, उदाहरणातील ट्रान्सफॉर्मरजवळ २४० व्होल्ट दाब ठेवलेला आहे. संध्याकाळी एका फेजच्या टोकाला ५ किलोवॅट वापर झाला, तर तेथील दाब सुमारे २१९.५ व्होल्ट राहतो. २१६.२ च्या खालच्या मर्यादेच्या तो वरच आहे. ग्राहकाची तक्रार येत नाही.

परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी काय होते? वरची मर्यादा २४३.८ आणि आरंभीचाच दाब २४०. म्हणजे वाढीसाठी अवघे ३.८ व्होल्ट शिल्लक. ०.९ ओहम रोधातून तेवढ्या वाढीत सुमारे ४.२ अँपिअर प्रवाह जाऊ शकतो. म्हणजे वाहिनीच्या टोकाशी त्या फेजवरून सुमारे एक किलोवॅट वीजच परत पाठविता येईल.

यावर उपाय म्हणून टॅप खाली आणून आरंभीचा दाब २३५ व्होल्ट केला, तर दुपारी सुमारे २.४ किलोवॅट वीज सामावेल. परंतु मग संध्याकाळच्या त्याच ५ किलोवॅटच्या वापरात शेवटच्या घरचा दाब सुमारे २१४ व्होल्टपर्यंत उतरतो आणि खालची मर्यादा मोडते. दुपारी जो दाब सोयीचा, तो संध्याकाळी गैरसोयीचा. अशा कात्रीत वितरण अभियंता सापडतो. म्हणून समावेशक्षमतेची परीक्षा एकाच घटकेची पाहणी करून पुरी होत नाही. दिवसाच्या सर्व प्रहरांचा आणि वर्षाच्या सर्व ऋतूंचा विचार तीत करावा लागतो.

येथे घरातील वापरालाही महत्त्व आहे. तारेवर परत जाणारी वीज म्हणजे निर्मिती वजा त्या वेळचा वापर. टोकाच्या घरी दुपारी अर्धा किलोवॅट वापर हमखास असेल, तर तेथे एकऐवजी दीड किलोवॅटचा संच चालेल. परंतु घराला कुलूप लावून कुटुंब यात्रेला गेले, तर हा आधार नाहीसा होतो. म्हणून हिशेबात सरासरी वापर धरीत नाहीत. उन्हाच्या वेळेतील किमान वापर धरतात.

उष्णतेची मर्यादा

तारेतून आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणातील ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीए शक्तीचा आहे असे मानावे. गावात एकूण १५० किलोवॅटचे सौरसंच बसले आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते पूर्ण शक्तीने चालू असताना गावाचा वापर केवळ ३० किलोवॅट असेल, तर १२० किलोवॅट वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलट वर जाईल. प्रवाह १.२ पट झाला, तर वेटोळ्यांतील उष्णता १.४४ पट होते. ही स्थिती नेमकी दुपारी, बाहेरची हवा तापलेली असताना येते. त्यामुळे वेटोळ्यांवरील निरोधक आवरण लवकर जीर्ण होते.

या हिशेबाप्रमाणे उष्णतेची मर्यादा १३० किलोवॅटवर येते. दाबाची मर्यादा मात्र वाहिनीच्या टोकाशी एक-दोन किलोवॅटवरच आली होती. ग्रामीण भागात वाहिन्या लांब आणि तारा बारीक असल्याने बहुधा दाबाची मर्यादा आधी येते. शहरात केबली आखूड आणि जाड असल्याने उष्णतेची मर्यादा आधी येण्याचा संभव अधिक असतो. ज्या गावाला 'आमचा ट्रान्सफॉर्मर मोठा आहे, मग अडचण कोणती?' असे वाटते, त्या गावाने हा फरक समजून घेतला पाहिजे.

संरक्षण आणि वायरमनची सुरक्षितता

वाहिनीवर झाडाची फांदी पडली किंवा तार तुटली, तर प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज वितळतो आणि पुरवठा बंद होतो. प्रवाह एकाच बाजूने येतो असे मानून ही योजना केलेली असते. टोकाकडूनही प्रवाह येऊ लागला की फ्यूज आणि रिले यांचे हिशेब बदलतात. फिरत्या यंत्रावर चालणारा जनित्र दोषाच्या वेळी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह देतो. सौरसंचाचा इन्व्हर्टर मात्र नेहमीच्या प्रवाहाहून थोडाच अधिक देतो. म्हणून साखर कारखान्याचा जनित्र आणि छपरावरील सौरसंच सारख्याच शक्तीचे असले, तरी त्यांची परीक्षा निरनिराळी करावी लागते.

याहून गंभीर प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. उपकेंद्रातून पुरवठा बंद केल्यावर वायरमन खांबावर चढतो. त्या वेळी वस्तीतील सौरसंच चालूच राहिले आणि त्यांची निर्मिती वस्तीच्या वापराशी जुळली, तर समुद्रातील बेटाप्रमाणे तो तुकडा स्वतंत्रपणे विद्युत्‌भारित राहू शकतो. हे घडू नये म्हणून जाळ्यातील पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टरने आपण होऊन बंद झाले पाहिजे. अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या १५४७ क्रमांकाच्या मानकात यासाठी दोन सेकंदांची मुदत घालून दिली होती. भारतात केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१३ साली विकेंद्रित निर्मितीच्या जोडणीसाठी तांत्रिक मानकांचे विनियम केले आणि २०१९ साली त्यांत सुधारणा केली. असे असले तरी तार तपासून आणि भूसंबंधित करूनच काम करावे, हा वायरमनचा जुना नियम आता अधिकच आवश्यक झाला आहे.

लहान संचांची संख्या वाढली म्हणजे काय होते, याचे उदाहरण जर्मनीने अनुभवले. तेथील आरंभीच्या नियमाप्रमाणे जाळ्याची वारंवारता ५०.२ हर्ट्झवर गेली की प्रत्येक सौरसंच तत्काळ बंद होत असे. संच थोडे होते तोवर हा नियम निरुपद्रवी होता. परंतु संचांची संख्या लाखांच्या घरात गेल्यावर ते सर्व एकाच क्षणी बंद पडून संपूर्ण जाळ्याला हादरा बसण्याचा धोका निर्माण झाला. अखेर २०१२ साली कायद्याने १० किलोवॅटहून मोठ्या जुन्या संचांची मांडणी बदलून घ्यावी लागली. एकेक संच नगण्य, परंतु त्यांची बेरीज नगण्य नव्हे, हा त्यातील बोध होय.

टक्केवारीचा नियम आणि ओआहू बेटाचा धडा

प्रत्येक वाहिनीचा एवढा हिशेब करणे कष्टाचे असल्यामुळे अनेक देशांनी सोपा नियम वापरून पाहिला. अमेरिकेच्या २००५ च्या संघीय नियमांत अशी कसोटी होती की, एखाद्या वाहिनीवरील एकूण नवी निर्मिती तिच्या वार्षिक कमाल मागणीच्या १५ टक्क्यांहून कमी असेल, तर सविस्तर अभ्यासाशिवाय जोडणी द्यावी. या आकड्याचा उगम साधा आहे. वाहिनीची किमान मागणी कमाल मागणीच्या सुमारे ३० टक्के असते असे धरले आणि सुरक्षिततेसाठी तिची निम्मी घेतली. त्या मर्यादेत निर्मिती राहिली, तर वीज उलट वाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २०१३ साली या नियमांत भर घालून, पहिल्या कसोटीत न बसणाऱ्या अर्जांसाठी किमान मागणीच्या १०० टक्क्यांपर्यंतची दुसरी कसोटी दिली गेली.

हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटावर अशा नियमांची खरी परीक्षा झाली. तेथे वीज फार महाग आणि ऊन भरपूर, त्यामुळे छपरोछपरी सौरसंच बसू लागले. २०१३ च्या सप्टेंबरात तेथील वीज कंपनीने जाहीर केले की, ज्या वाहिन्यांवर सौरनिर्मिती दिवसाच्या किमान मागणीएवढी झाली आहे, तेथे पूर्वपरवानगीशिवाय नवा संच बसवू नये. अनेक कुटुंबांनी संच विकत घेण्याचे ठरविले होते, काहींनी कर्जही काढले होते. त्यांना महिनोगणती थांबावे लागले. कंपनीची भीती निराधार नव्हती. पुरवठा तुटताना क्षणभर दाब अतिशय उसळेल आणि शेजारच्या घरांतील उपकरणे जळतील, अशी ती शंका होती.

हा वाद कसा मिटला, हे शिकण्यासारखे आहे. कोलोरॅडो राज्यातील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत २०१४ साली प्रत्यक्ष इन्व्हर्टर आणून, पुरवठा तोडून, दाब किती उसळतो आणि किती वेळ टिकतो, याचे मापन करण्यात आले. आधुनिक इन्व्हर्टर अतिशय अल्प काळात बंद होतात आणि त्यांची मांडणी बदलल्यास धोका आणखी घटतो, असे आढळले. त्यानंतर २०१५ साली वाहिन्यांवरील मर्यादा दिवसाच्या किमान मागणीच्या १२० टक्क्यांवरून २५० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. खांब तेच होते आणि तारा त्याच होत्या. पूर्वी अंदाजाने ठरविलेली मर्यादा मापनाने दुपटीहून अधिक वर गेली. याचा अर्थ मर्यादा नसतेच असा मात्र नव्हे. अंदाजाची मर्यादा कोठे विनाकारण कडक आणि कोठे धोकादायक सैल असते. मापनाची मर्यादा जेथे असावी तेथे असते, एवढाच त्याचा अर्थ होय.

परीक्षा कशी करावी?

भारतात २०२४ साली वीज ग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या छपरावरील सौरसंचाच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची अट राहिली नाही. त्याहून मोठ्या संचांसाठी अभ्यासाची मुदत २० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली गेली आणि त्या मुदतीत अभ्यास न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानण्याची तरतूद झाली. यामुळे सामान्य ग्राहकाचा हेलपाटा वाचला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु अर्जाची परीक्षा माफ झाली म्हणून तारेची परीक्षा टळत नाही. वर दाखविल्याप्रमाणे लांब वाहिनीच्या टोकाशी ५ किलोवॅटचा एक संचही दाबाची मर्यादा मोडू शकतो. तेव्हा एकेका अर्जाचा अभ्यास करण्याऐवजी अर्ज येण्यापूर्वीच संपूर्ण वाहिनीचा अभ्यास करून ठेवणे, हाच योग्य मार्ग ठरतो.

या अभ्यासाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिली पायरी नोंदीची. कोणता खांब कोठे आहे, दोन खांबांमध्ये कोणत्या जाडीची तार आहे, कोणते घर कोणत्या फेजवर आहे आणि टॅप कोणत्या स्थानी आहे, याची नोंद प्रत्यक्ष पाहून करावी. कचेरीतील जुना नकाशा आणि प्रत्यक्ष वाहिनी यांत पुष्कळदा अंतर असते.

दुसरी पायरी मापनाची. ट्रान्सफॉर्मरजवळ आणि वाहिनीच्या टोकाशी, अशा दोन्ही ठिकाणी दाब दिवसभर नोंदवावा. दुपारची किमान मागणी आणि संध्याकाळची कमाल मागणी काढावी.

तिसरी पायरी हिशेबाची. वाहिनीची प्रतिकृती संगणकात मांडून संच वाढवीत जावे आणि कोणती मर्यादा प्रथम मोडते ते पाहावे. पुढील संच कोणत्या घरी बसेल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून निरनिराळी घरे निवडून तोच हिशेब शेकडो वेळा करतात. काही मांडण्यांत मर्यादा लवकर मोडते, काहींत उशिरा. म्हणून उत्तर एका आकड्यात न येता दोन आकड्यांत येते : इतक्यापर्यंत कोठेही जोडले तरी चालेल, आणि इतक्याच्या पुढे कोठेही जोडले तरी चालणार नाही. या दोहोंमधील पट्ट्यात प्रत्येक संचाची जागा पाहून निर्णय घ्यावा लागतो.

चौथी पायरी पडताळ्याची. काही संच जोडल्यावर पुन्हा मापन करून हिशेब बरोबर आला की नाही, ते पाहावे. पडताळा न घेतलेला हिशेब म्हणजे सुबक मांडलेला अंदाजच होय.

क्षमता वाढविता येते

समावेशक्षमता ही विधिलिखित नाही. सर्वांत स्वस्त उपाय फेजच्या समतोलाचा आहे; त्याला नवी तार लागत नाही, केवळ काही घरांच्या जोडण्या बदलाव्या लागतात. त्यानंतर टॅपची योग्य निवड येते. पुरवठा चालू असतानाच आपोआप टॅप बदलणारे ट्रान्सफॉर्मरही असतात. त्यांनी दुपार आणि संध्याकाळ यांची कात्री सैल होते, परंतु त्यांची किंमत अधिक पडते. तार जाड केली आणि रोध निम्मा झाला, तर दाबातील वाढही निम्मी होते. इन्व्हर्टरला असेही सांगता येते की, दाब मर्यादेजवळ आला की निर्मिती थोडी आवरावी. वर्षातील थोड्याच तासांची वीज सोडून दिल्याने बरेच अधिक संच सामावता येतात. वीज साठविणाऱ्या बॅटऱ्या दुपारची वीज संध्याकाळी देऊन दोन्ही वेळच्या अडचणी एकदम हलक्या करतात.

वापराची वेळ उन्हाकडे आणणे हाही एक मोठा उपाय आहे. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीला वीज देणाऱ्या उपकेंद्रांजवळ सौरकेंद्रे उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. येथे निर्मिती वाहिनीच्या मुखाशी असते आणि पंपांचा वापर त्याच वेळी होतो. दाब उसळण्याची दोन्ही कारणे, म्हणजे टोकाची निर्मिती आणि दुपारचा अल्प वापर, तीत टळतात. शिवाय शेतकऱ्याची रात्रीच्या अंधारात पाणी देण्याची पाळी चुकते.

शेवटी न्यायाचा प्रश्न उरतो. वाहिनीची क्षमता थोडी असेल, तर जो प्रथम अर्ज करील तो ती व्यापून टाकतो आणि मागाहून येणाऱ्याच्या वाट्याला नकार येतो. जोडणी मिळाली तरी अडचण संपत नाही. दाब वाढला की प्रथम बंद पडतो तो वाहिनीच्या टोकाचा इन्व्हर्टर, कारण सर्वाधिक दाब तेथेच असतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घराचा संच दिवसभर चालतो आणि शेवटच्या घराचा संच ऐन दुपारी थांबतो. दोघांनी सारखेच पैसे घातलेले असतात. ऊनही दोघांच्या छपरावर सारखेच पडते. गावाच्या रचनेत शेवटचे घर बहुधा उशिरा वस्तीला आलेल्याचे किंवा गरिबाचे असते. २०२४ च्या नियमदुरुस्तीत ५ किलोवॅटपर्यंतच्या संचांसाठी जाळ्याची आवश्यक ती सुधारणा वितरण कंपनीने स्वखर्चाने करावी असे ठरले. ही तरतूद प्रत्यक्षात शेवटच्या खांबापर्यंत पोहोचावयाची असेल, तर कोणत्या खांबापुढे तार अपुरी आहे, हे आधी ठाऊक असले पाहिजे. आणि ते परीक्षेवाचून कळत नाही. शेवटच्या घरी दुपारी किती व्होल्ट दाब असतो, एवढा एक आकडा नोंदविला गेला, तरी या परीक्षेचा आरंभ झाला असे समजावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पुस्तिकेतील वाहिनीची तार बदलून रोध दर किलोमीटरला ०.४५ ओहम केला. शेवटच्या घरी एका फेजवर ५ किलोवॅटचा संच असताना दाब किती व्होल्ट वाढेल? ही वाढ सहा टक्क्यांच्या आत आहे काय?

२. ट्रान्सफॉर्मरजवळ २३८ व्होल्ट दाब असेल आणि एकूण रोध ०.९ ओहम असेल, तर शेवटच्या घरातून जास्तीत जास्त किती अँपिअर प्रवाह परत पाठविता येईल?

३. एका वस्तीत दुपारची सरासरी मागणी ५० किलोवॅट आणि किमान मागणी २० किलोवॅट आहे. समावेशक्षमतेच्या हिशेबात यांपैकी कोणता आकडा घ्यावा आणि का?

४. ज्या घरी दाबस्थिरक म्हणजे स्टॅबिलायझर असेल, त्या घरी त्याच्या तबकडीवरील येणारा दाब एक आठवडा दुपारी एक वाजता आणि रात्री आठ वाजता वाचून लिहून ठेवावा. विजेच्या उघड्या तारांना अथवा खांबाला हात लावू नये. दोन्ही वेळच्या आकड्यांत फरक का पडतो, याची चर्चा वर्गात करावी.